नाक नसलेला तंबू

तंबूच्या कारखान्यात एक रीत होती. तंबू शिवून झाला की तो मागच्या अंगणात भर उन्हात उभा करायचा, शिवणारीने आत जाऊन दार बंद करून घ्यायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. कुठे टाका निसटला असेल, सुईचं भोक मेणाने नीट बुजलं नसेल, तर तिथून उन्हाचा बारीक ठिपका आत यायचा. त्याला कारखान्यात चांदणी म्हणत. मग बाहेरून विचारणा व्हायची, "किती?" आणि आतून आकडा सांगायचा. तीनपर्यंत कुणी काही बोलत नसे. पाचाच्या वर गेलं की त्या बाईने सगळ्यांना चहा पाजायचा आणि आठवडाभर टोमणे खायचे.

आपल्या गोष्टीतली ही तिथेच तंबू शिवायची. हिने आजवर कुणालाही चहा पाजला नव्हता. त्याचा हिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

बाहेरून "किती?" विचारायचं काम हिच्या सासूचं. कापड बेतण्यात सासूचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. घरी दोघी एका ताटात जेवत, कारखान्यात मात्र सासू सुनेला दुसऱ्यांपेक्षा दोन बोटं जास्तच ताणायची. दोघींचं वाजलं ते नाकावरून. प्रत्येक तंबूच्या माथ्याजवळ समोरासमोर दोन तळहाताएवढी भोकं ठेवत, त्यांना जाळी लावत. ती तंबूची नाकं. गिऱ्हाइकं कुरकुर करत की त्यातून वाळू येते. म्हणून वाळवंटातल्या कामासाठी तंबू शिवायचा आला तेव्हा हिने सरळ नाकंच काढून टाकली.

"अगं, मग तंबूने श्वास कुठून घ्यायचा?" सासूने विचारलं.

"तंबू काय श्वास घेतो, आई?"

तंबू उभा राहिला, ही पोट सांभाळत आत गेली, दार लावलं. आत असा अंधार की स्वतःचा हात दिसेना.

"किती?"

"एकही नाही!"

"तेच म्हणते मी," सासू बाहेरून पुटपुटली.

हिला सातवा महिना होता, म्हणजे आत आधीच एक जण तंबू ठोकून बसलं होतं. हिचा नवरा पाण्यासाठी जमिनीला भोकं पाडायचा. आता बोअरचं यंत्र घेऊन तो वाळवंटात गेला त्याला दोन महिने झाले होते. नवा तंबू त्याच्याच तळावर जायचा होता आणि तंबूबरोबर जायचं हिने ठरवून टाकलं. एकदा बाळ आलं की नवऱ्याशी निवांत चार शब्द बोलायला वर्ष जाईल, असं तिचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. थंडीचे दिवस होते, डॉक्टरबाईंनी आठ दिवसांची परवानगी दिली, पण अटी घालून. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं, दुपारी सावलीतून हलायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं आणि बाळाच्या हालचाली मोजायच्या. शांत पडून दोन तासांत दहा झाल्या नाहीत, तर विचार करत बसायचं नाही, निघायचं.

सासूने मोडता घालून पाहिला, पण सून हट्टाला पेटली की ती ऐकणाऱ्यातली नाही हे तिला पाठ होतं. निघताना तिने शिवणाची थैली हातात दिली, तेवढंच. वाटेत थैली उघडून बघते तर सुई-दोऱ्याबरोबर सासूची लाडकी कात्री, जिला घरात कुणी हात लावायचा नाही ती, आणि जाळीचे दोन गोल तुकडे. कडा दुमडून, टाके घालून अगदी तयार. दोन नाकं! टोमणा मारायला म्हातारीने केवढी मेहनत घेतली, असं म्हणून ही गालातल्या गालात हसली आणि थैली तळाशी ढकलून दिली.

तळावरचे पहिले तीन दिवस सुखाचे गेले. सकाळी वाळू पायाला गार लागायची आणि ती नवऱ्याचा हात धरून दूरवर चालायची. माणसं तिला तंबूवाली म्हणू लागली. ऊन चढलं की ती आत शिरायची, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडायची, मानेवर ओला पंचा टाकायची. तळावरचे आचारीकाका दर तासाला लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी घेऊन येत आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभे राहत.

"काका, पोटात जागा नाही हो."

"आतल्याला सांग सरकायला."

दुपारी ती पडून राही तेव्हा वाळवंट फार मऊ होऊन जाई. दूरचे उंचवटे कापडाच्या ताग्यांसारखे अंथरलेले दिसत. वारा त्यांच्यावरून हात फिरवत जाई. मग बाळ कूस बदले, तिच्या पोटावर एक लहानसा उंचवटा उठे आणि दुसरीकडे जाई. बाहेर तेच, आत तेच. आपण कुणाच्या पोटात पडलो आहोत आणि आपल्या पोटात कोण, याचा तिला मधूनच विसर पडे, आणि तो विसर तिला आवडे.

चौथ्या दिवशी ऊन आपला महिना सोडून आधीच आलं.

नेमका त्याच सकाळी तळ हलायचा होता. पुढच्या विहिरीपाशी नेण्यासाठी जुने तंबू मोडून गाडीत भरले होते. माणसं घेऊन नवरा पुढे गेला. संध्याकाळी तो गाडी घेऊन परत येणार आणि हिला व काकांना नेणार. मागे उरलं काय, तर हिचा नवा तंबू, पाण्याचे माठ, निरोपासाठीचा वायरलेस आणि काकांच्या चुलीवरचं चार बांबूंचं छत. त्या छताखाली ऊन आडवं येत होतं.

जेवण झाल्यावर ती तंबूत आडवी झाली. गरम वारा सुटला होता, वाळू उडत होती, म्हणून दार तिने पक्कं लावून घेतलं. वाळूचा एक कण आत येईना. कापड कसं शिवावं ते आपल्याकडून शिका, असं मनाशी म्हणत ती ग्लानीत गेली.

स्वप्नात कारखान्याचं अंगण होतं. इकडून तिकडे कापड पसरलेलं आणि सासू त्याच्यावरून अनवाणी चालत, खडूने रेघ ओढत येत होती. रेघ संपत नव्हती. ही आत अंधारात उभी आणि बाहेरून सासू विचारत होती, किती, किती. हिला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात कापूस भरल्यासारखं झालं होतं. सासूचा आवाज कापडाच्या थरांमागे जात जात पार बारीक झाला.

जाग आली तेव्हा उशी घामाने भिजली होती. पंचा कोरडाठाक. तिने पोटावर हात ठेवला. सकाळच्या चहानंतर बाळ हललेलं तिला आठवेना.

ती डाव्या कुशीवर वळली. पाणी प्यायली. पोटाला हळूच बोटांनी टोचलं. काही नाही. "ए सोन्या," ती म्हणाली, "ए, ऊठ ना." काही नाही. तिला भीती वाटली. आजवर कधी वाटली नव्हती तशी, साधी, उघडी भीती. हट्ट माझा आणि भोगणार हे, असं तिच्या मनात आलं आणि तिने मोठ्याने हाक मारली, "काका!"

काकांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि तसंच मागे काढलं. "अगं पोरी, ही तंबूत भट्टी की भट्टीत तंबू?"

"काका, बाळ हलत नाहीये."

काकांचा चेहरा एकदम बदलला. ते वायरलेसकडे धावले. परत आले ते सांगतच. "निघाला तो. जीप भरधाव आणतोय. पण दोन तास लागतील, तिथून इथवर वाळूच वाळू." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तोवर तुला ठेवू कुठे? छताखाली नेऊ?"

"तिथे ऊन आहे."

"आणि इथे?"

ती वर बघत राहिली. माथ्याजवळ हवा कोंडून उभी होती, जड. दार उघडं होतं तरी ती हलत नव्हती, कारण तिला जायला वाटच नव्हती. ती वाट तिने स्वतः, मेण लावून, टाक्यावर टाका घालून बंद केली होती. तंबू श्वास घेत नाही असं म्हणाली होती ना ती? खरंच घेत नव्हता.

"काका, माझ्या थैलीत कात्री आहे. पिठाचा डबा आणा आणि त्याच्यावर चढा."

"कशाला?"

"भोकं पाडायची."

काका कात्रीकडे आणि तिच्याकडे पाहत राहिले. गेले तीन दिवस या तंबूचं कौतुक ऐकून त्यांचे कान किटले होते. "नक्की?"

"नक्की. माथ्यापासून वीतभर खाली. गोल कापा, तळहाताएवढं. अहो, तिरकं नको! हात सरळ ठेवा. शिलाईला धरून... अहो काका, भोपळा चिरताय का!"

"तू डोळे मीट बघू," काका म्हणाले. चुलीपुढे उभं आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात कात्री कशी चालणार? कापड करकरलं. तो आवाज तिच्या पोटापर्यंत गेला. एक भोक वाकडं झालं, दुसरं त्याहून वाकडं. मग ती पडल्या पडल्या एकेक सांगत गेली आणि काका करत गेले. वाऱ्याच्या बाजूची भिंत खालून गुडघाभर वर गुंडाळली. तिथे पिठाची रिकामी गोणपाटं ओली करून टांगली. चुलीवरच्या छताचे बांबू उपटून तंबूभोवती रोवले, त्यांना तिची चादर बांधून तंबूच्या वर, मधे दीड हात जागा सोडून ताणली, पण दोन्ही भोकं चादरीच्या बाहेर राहतील अशी. खाटेखालची वरची तापलेली वाळू उपसून खालची गार वाळू मोकळी केली. मनगटांवर, मानेवर, पावलांवर ओली फडकी ठेवली. सगळं झाल्यावर काका दारात बसले आणि घाम पुसायचंही विसरले.

वारा गोणपाटातून आत आला. आधी नुसता ओल्या गोणीचा वास. मग तिच्या पोटऱ्यांना काहीतरी गार शिवलं. कोंडलेली हवा वरच्या भोकांतून निघून गेली, आणि आख्ख्या तंबूच्या भिंती एकदा आत आल्या, एकदा बाहेर गेल्या. तंबूने श्वास घेतला. तो बराच वेळ तसा घेत राहिला आणि ती नकळत त्याच्या तालावर श्वास घेऊ लागली.

एका भोकातून ऊन आलं होतं. वाकडातिकडा पिवळा ठिपका खाटेवर पडला होता. सूर्य उतरत होता तसा तो सरकत होता. उशाशी, तिच्या दंडावर, मग पोटाच्या कडेला.

केवढी मोठी चांदणी, तिला वाटलं. एवढी मोठी कारखान्यात कुणाच्याच तंबूत निघाली नसेल.

"काही?" काकांनी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

तिला पुन्हा गुंगी येऊ लागली, पण ही वेगळी होती, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. ठिपका पोटाच्या मध्यावर आला आणि थांबल्यासारखा झाला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. दुसरं काही पाहायची तिची हिंमत नव्हती.

ठिपका उडाला.

ती हलली नव्हती. श्वाससुद्धा रोखलेला होता. ठिपका पुन्हा उडाला, एका बाजूला घसरला आणि जागेवर आला. मग आतून अशी सणसणीत लाथ बसली की तिच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"काय झालं? काय झालं?" काका धडपडत उठले, डब्याला अडखळले.

"काका, तीन!" ती रडत होती आणि हसत होती. "तीन झाल्या! मोजा, काका, तुम्हीपण मोजा, तो ठिपका बघा!"

मग दोघं त्या उन्हाच्या तुकड्याकडे टक लावून बसले. चार. बराच वेळ काही नाही. पाच, सहा लागोपाठ. सातला काका म्हणाले, "ही तर पोटातूनच मला शिव्या देतेय."

"ही कशावरून?"

"एवढा राग म्हणजे तंबूवालीचीच मुलगी."

दहावी झाली तेव्हा दुरून जीपचा आवाज येत होता. नवरा धापा टाकत आत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले. त्याच्या भुवयांवर वाळू होती. खूप वेळाने त्याने वर पाहिलं. "तंबू कुणी फाडला?"

"मी," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंची अट तिला पाठ होती. दहा उशिरा झाल्या तरी दाखवायचंच. जवळच्या गावातल्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले, घोडा दौडावा तसे. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, आईला पाणी कमी पडलंय. एक रात्र इथेच ठेवू, आणि परत वाळवंटात नाही, सरळ घरी. या वेळी ती एका शब्दाने वाद घालणार नव्हती.

तिथून तिने सासूला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. भट्टी, गोणपाटं, काकांची वाकडी भोकं, काहीच लपवलं नाही.

"आई?"

"ऐकतेय." सासू म्हणाली. "तुला अडवणं मला जमलं नसतं गं. म्हणून रात्रभर बसून जाळ्या शिवल्या."

"मला वाटलं, टोमणा मारलात."

"थोडा तोही होता," सासू म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग दोघींनाही हसता येईना. हिने नाक पुसलं. पोटावर हात ठेवला. आत कुणीतरी आरामात कूस बदलत होतं.

"बरं, पण एक सांग," सासूने घसा खाकरला आणि अंगणातून विचारायची तसं विचारलं, "किती?"

"दहा," ती म्हणाली. "दहा, आई. आणि ही अकरावी."