पुढच्या जागेवरचा पाटा

"बूड हालवलं का डोंगा हालते. नीट बस वं!"

अंगणातल्या बाजेवर पुढे मी, मांडीवर छोटी. मागे सासूबाई, हातात कपडे वाळवायचा बांबू. छोटीचं पाजणं आटोपलं की रोज दुपारी आमच्या हुडकेश्वरच्या अंगणातून वैनगंगा वाहायला लागायची.

माझे सासरे जन्मभर पवनीच्या घाटावर डोंगा चालवत. या काठचं माणूस त्या काठाला. पूल झाला, उतारू संपले, मग तेही गेले. "आडवी नदी लय केली," ते सासूबाईंना म्हणत, "एक डाव उभी करू. तुले समोर बसवतो अन् थेट खाली मार्कंड्याच्या देवळाले नेतो." आता त्यांचा पुतण्या तो डोंगा कापून बैलांना गव्हाण करणार होता. दिवाळी झाली की कुऱ्हाड. त्याआधी जायचं, हे सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. पुढे बसून खडक पाहायला कुणीतरी हवं. ते मी.

"आई!"

मी वळले. पाठीत बांबू टोचला.

"बुडवलं ना तिघींनाही! डोंग्यात हाक आली तं वळाचं नाही. अंग वळलं का डोंगा उलटला."

हाक आमच्या ह्यांची. सायकल धरून दारात उभे.

"काय तमाशा लावला हा? थे खडक, थे भोवरे. बाईमाणसानं डोंगा चालवला काय कधी?"

"तुह्या बापाले ताप राहे, तवा कोण चालवे गा चंद्रभान? लोकं उतरत माह्या डोंग्यातून अन् रामराम घालत तुह्या बापाले!"

"तुले जाचं तं जाय. हिले अन् पोरीले मी नाही पाठवत."

मी तोंड उघडणार तेवढ्यात छोटी रडली. अंगावर पिणारी पोर. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बांबू भिंतीला टेकवला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला पाटा शोधते, तर तो सासूबाईंच्या गोधडीत बांधलेला.

"आई, पाटा काहून?"

"समोर माणूस नाही, तं वजन पाहिजे. नाही तं डोंगा नाक वर करते."

"अन् खडक कोण पाहीन?"

"उभी राहतो मी. उभ्यानं लांबचं दिसते."

घाटापर्यंत पोचवायला छोटीला कडेवर घेऊन मीही निघाले; एसटीत पाटा मीच चढवला. हे रागारागाने मागच्या बाकावर येऊन बसले.

घाटावर सासूबाईंनी पाटा डोंग्यात पुढे ठेवला, सासऱ्यांनी त्यांना कबूल केलेल्या जागी. त्यावर भाकरीचं गाठोडं. आणि स्वतः मागे गेल्या, जिथे सासरे उभे राहत. काष्टा खोचला, बांबू रोवला. डोंगा सवयीने आडवा निघाला, पार मधोमध गेला, मग सावकाश त्याचं नाक खालच्या अंगाला वळलं.

हे चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले.

"आई! वं आई! मांगं वळून तं पाय!"

सासूबाईंची पाठ तसूभरही हलली नाही.

मी ह्यांचा दंड धरला. "हाक नका मारू जी."

माझ्या कडेवरून छोटीने नदीकडे हात पसरले, "आ... आ..." करायला लागली, तेव्हा ह्यांनीच तिच्या ओठांवर हलकेच बोट ठेवलं.