अकरा ताटं, दहा पाहुणे

वजनमापे निरीक्षक निवृत्त झाले, तेव्हा बायको म्हणाली, "आता घरातलं तोलत बसू नका. काहीतरी शिका." म्हणून ते वाचनालयातल्या पायथनच्या वर्गाला जाऊ लागले. पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची भाषा. सांगितलेलं काम संगणक ‘बघू नंतर’ न म्हणता करतो, हे बायकोला विशेष आवडलं.

तिसऱ्या आठवड्यात लिस्ट, म्हणजे यादी, आली. गृहपाठ असा: एक यादी करा, तिची प्रत काढा, प्रतीतून एक नाव वगळा. बायकोची यादी घरात तयारच होती. रविवारी जेवायला बोलवायची अकरा माणसं. निरीक्षकांनी ती टाइप केली आणि तिला नाव दिलं ‘तिची’. खाली लिहिलं: माझी = तिची. झाली प्रत! मग ‘माझी’मधून त्यांनी एक नाव उडवलं. दादा.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते प्रत्येक जेवणात तेच सांगत: पहिल्या घासाला भूल घेत आणि हात धुताना टाके काढत. निरीक्षकांच्या मनात तसं वाईट काही नव्हतं. दादांशिवायचं जेवण कसं दिसतं, एवढंच त्यांना पडद्यावर बघायचं होतं. बघितलं, तृप्त झाले, आणि ‘तिची’ छापून कागद सुनेच्या हातात दिला. सुनेने कागदावरच्या प्रत्येकाला फोन केला.

रविवारी अकरा ताटं मांडली, माणसं आली दहा. बायकोने भावाला फोन लावला.

"मला बोलावलंय कुणी?" दादा म्हणाले. "मी काय गुडघा घेऊन आपणहून येऊ?"

कागद पाहिला तर दादा गायब. निरीक्षकांनी कागद उलटून पाहिला. त्यांनी तर दुसऱ्याच यादीतून नाव काढलं होतं!

सोमवारी वर्ग उघडायच्या आधीच ते दारात उभे. शिकवणारी त्यांच्या मुलीच्या वयाची.

"काका, तुम्ही प्रत काढलीच नाहीत," ती हसू दाबत म्हणाली. "एकाच यादीला दोन नावं दिलीत. कुठल्याही नावाने हाक मारा, यादी तीच. प्रत हवी तर ‘कॉपी’ असं स्पष्ट सांगायचं."

निर्दोष सुटका! ते जवळजवळ धावतच घरी आले. बायकोला संगणकापुढे बसवून ओळ न् ओळ समजावली. बायकोने तीस वर्षं गणित शिकवलेलं. तिला लगेच कळलं.

"म्हणजे माझ्या यादीला तुम्हाला हात लावायचाच नव्हता."

"मुळीच नाही! मी फक्त ‘माझी’मधून काढलं."

"हं. का काढलंत?"



"अगं, गृहपाठ होता. कुठलंही एक नाव काढायचं होतं."

"तुमची आत्या होती की यादीत. ती नाही दिसली?"

निरीक्षक चष्मा पुसू लागले.

बायकोने कीबोर्ड पुढे ओढला. दादांना यादीत परत घेतलं, ‘कॉपी’ लिहिलं आणि एका बोटाने बराच वेळ टकटक केली. प्रिंटरमधून दोन कागद आले.

"पुढच्या रविवारी आम्ही सगळे माझ्या ताईकडे जेवायला. ही माझी यादी. आणि ही तुमची."

निरीक्षकांच्या ‘माझी’मध्ये एकच नाव होतं.

"दादा इथे येताहेत," बायको म्हणाली. "एक्स-रे घेऊन."

याद्या पुन्हा एकच निघतील अशा मोठ्या आशेने निरीक्षकांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. प्रत अगदी बिनचूक निघाली होती.