खारपाणपट्ट्यातली गोड रेती

मी एक जुनी उपनदी आहे, मित्रांनो, पूर्णामाईला जाऊन मिळणारी. गाविलगडच्या डोंगरात जन्मले. पायथ्याच्या दगडगोट्यांत माझं बरंच पाणी मुरतं, उरलेलं घेऊन मी काळ्या मातीत उतरते. पूर्णा मला तापीकडे नेते आणि तापी पश्चिमेच्या समुद्राकडे. मोर्शीकडच्या नद्या वर्धेबरोबर उलट्या दिशेला जातात. जाईनात का बापड्या!

खाली अकोल्याकडे खारपाणपट्टा लागतो. इथं जमिनीच्या पोटातलं पाणी खारट, खोल खणाल तसं आणखी खारट. पण पुराचं गोड पाणी माझ्या रेतीत थांबून राहतं. उन्हाळ्यात बाया रेतीत हाताने खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटीवाटीने कळशी भरायच्या. गावात नळ आले तसं मला कोणी विचारेना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा काठच्या गावातल्या खुशालरावांनी पाणी जास्त साठावं म्हणून माझं खोलीकरण काढलं. माणूस भला, पण भारी उतावळा! तौहीदच्या खोदाईच्या मशीनने रेती उपसली, खालची चिकणमाती फोडली आणि खालून आलेल्या पाण्याने खड्डा तुडुंब भरला. खुशालराव हरखून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचं, प्रणालीचं लग्न. नळ कोरडे, म्हणून स्वयंपाकाला त्याच खड्ड्यातलं पाणी नेलं.

"अवो, चाखून तं पाहा. खारट लागून राहिलं," त्यांच्या बायको सुभद्राबाई म्हणाल्या.

"नदीचं पानी कधी खारट रायते काय?"

वरात वेशीवर आली तरी खाऱ्या पाण्यात डाळ टणकच. देवराव आचाऱ्याने पळी आपटली. "खुशालभाऊ, हे डाळ शिजून नाही राहिली! पाहुन्यायले काय वाढू?"

खुशालरावांनी आता ते पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. पाहुणे उपाशी उठले असते, तर लेकीला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

सुभद्राबाई बायांना घेऊन माझ्याकडे धावल्या. वरच्या अंगाला मशीन पोचलं नव्हतं, तिथं रेती उकरू लागल्या. माझा जीव टांगणीला लागला. खालचं खारं पाणी इथंही शिरलं असेल तर? सुभद्राबाईंनी ओंजळ तोंडाला लावली.

"गोड हाय वो माय!"

हुश्श! मला रडूच कोसळलं. बायांनी भराभर कळश्या भरल्या. नवी डाळ शिजली, वरण मऊ झालं आणि व्याही मागून मागून जेवले. प्रणाली हसत सासरी गेली.

मग खुशालराव काठावर आले. "तौहीद, मशीन घेऊन जाय बाबू. पन आंधी काढलेली रेती वापस टाक."

मित्रांनो, आता मी निवांत आहे. माझी रेती तेवढी माझ्याजवळ राहू द्या. पाणी लागलं, तर हाताने उकरा. मी कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही.