चौघांनी निवडलेली होडी

शिडाची होडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहत असेल, मित्रांनो. मी समुद्र पाहिलेला नाही. माझं आयुष्य तलावावर गेलं, आणि त्याहून जास्त ट्रेलरवर. मोटारीच्या मागे जोडून पाण्यापर्यंत न्यायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी पुन्हा घराच्या आवारात आणून उभं करायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

वॉशिंग्टन राज्यातल्या एका छोट्या गावी, लाकडाच्या वखारीला लागून असलेल्या शेडमध्ये माझा जन्म झाला. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात पसरायचं, त्यावर राळ फासायची, ती वाळली की पुन्हा कापड. असे थरावर थर चढले आणि माझं अंग तयार झालं. त्या वासानं कारागिरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या बाकांखाली त्यांनी फोम भरला, म्हणजे उलटले तरी मी बुडू नये. पोटातून खाली सोडायला एक जड फळी दिली. खोल पाण्यात ती खाली सोडली की माझा तोल राहतो, आणि वर ओढली की मी गुडघाभर पाण्यातही तरंगते.

मला पहिल्यांदा पाण्यावर नेलं ते वॉल्टर यांनी. ते शाळेत संगीत शिकवायचे. ते आणि त्यांची पत्नी मार्गरेट उन्हाळ्यातला एकही रविवार चुकवत नसत. पुढे मार्गरेट गेल्या. त्यानंतर वॉल्टर कधीतरी येऊन माझ्या काठावरची पानं झाडायचे, पण मला मोटारीला जोडायचे नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी एक दिवस त्यांनी मला विकायला काढलं.

तेव्हा रेडमंड शहरातून चौघं मला बघायला आली. भानुदास आणि त्याची बायको संघमित्रा, कुमार आणि त्याची बायको रत्ना. भानुदास आणि कुमार एकाच सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. चौघांनी मिळून एक होडी घ्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. त्याआधी त्यांनी पुष्कळ होड्या पाहिल्या होत्या, आणि त्यांवरचा वाद अजून मिटलेला नव्हता.

"यार, ही होडी आहे की सोफा?" मला पाहून कुमार म्हणाला. त्याला सकाळी पाहिलेली लाल होडी आवडली होती. ती अरुंद होती आणि बाणासारखी पळायची. कुमार कॉलेजात असताना पोहण्याच्या स्पर्धा जिंकलेला माणूस. त्याला वेग हवा होता. रत्नाला आत केबिन असलेली मोठी होडी आवडली होती, पाऊस आला तर बसून चहा घेता येईल अशी.

संघमित्रा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पुलांवर काम करणारी इंजिनिअर. तिनं बोटांच्या पेरांनी माझा तळ ठिकठिकाणी वाजवून पाहिला, कुठे पोकळ लागतंय का ते. मग ती सरळ ट्रेलरखाली शिरली आणि चाकांजवळचा गंज तपासला.

"केबिनवाली आपल्या गाडीला ओढवणार नाही," बाहेर येऊन ती म्हणाली. "तिची डोलकाठी उभी करायला अर्धी सकाळ जाईल. मग आपण एकदा जाऊ, दोनदा जाऊ आणि तिसऱ्यांदा कॅन्सल करू. हिची डोलकाठी दोघांना उभी करता येते. चौघांना पाय पसरून बसता येतं."

"पण ही मंद आहे," कुमार म्हणाला.

"मंदच हवी मला," भानुदास म्हणाला. "मला पोहता येत नाही."

कुमार हसला. "तुला? गावाकडचा ना तू? विहिरीत ढकललं की दोन दिवसांत येतं. मला आजोबांनी तसंच शिकवलं, पाठीला भोपळा बांधून."

भानुदास माझ्या काठावर हात ठेवून उभा होता. तो शांतपणे बोलला. "आमच्या गावातही विहीर होती. बाबांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्यांनी तिच्यापासून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्या विहिरीत उडी कोण मारू देणार होतं? बाबांना पोहता आलं नाही, त्यामुळे आम्हालाही कुणी शिकवलं नाही. पुढे नागपूरला आलो, शिकलो, इकडे आलो. पाण्याची भीती तेवढी घरात राहिली."

कुमारच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. रत्नानं हळूच विचारलं, "मग होडी कशाला हवी तुला?"

"कामाला जाता-येता रोज तलाव दिसतो," भानुदास म्हणाला. "काठावरून बघत राहायचा कंटाळा आला."

वॉल्टर यांना त्यांची भाषा कळत नव्हती, पण वाद कशावर चाललाय ते बहुधा कळलं. त्यांनी माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, थाप मारली आणि त्यांच्या भाषेत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की ही कुठलीही शर्यत जिंकणार नाही, पण माणसाच्या चुका पोटात घालते.

कुमारनं एकदा भानुदासकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. सोफा तर सोफा. घेऊ."

मित्रांनो, अशी मी निवडली गेले. माझी तारीफ करून कुणी मला निवडलं नव्हतं. एकाच्या भीतीला दुसऱ्या तिघांनी आपल्या आवडीतून जागा करून दिली होती. त्याचा मला फार अभिमान वाटला.

मग सुखाचे दिवस आले. शनिवारी सकाळी मला सॅमामिश तलावावर न्यायचे. दोघं डोलकाठी उभी करायचे, दोघी दोर ओवायच्या. रत्ना थर्मासमध्ये चहा आणायची, संघमित्रा दशम्या आणि ठेचा. भानुदास सुकाणूवर बसायला शिकला. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तो माझ्यात पाय ठेवत नसे. आणि त्याची एक सवय होती. वाटेत मध्येच तो एक जुनी नारिंगी, तरंगणारी उशी पाण्यात टाकायचा, मग मला वळवून तिच्यापाशी परत आणायचा आणि ती उचलून घ्यायचा. कधी तो फार जोरात यायचा आणि पुढे निघून जायचा, कधी अलीकडेच थांबायचा. मग पुन्हा टाकायचा.

"पडली रे तुझी उशी," कुमार चेष्टेनं म्हणायचा. "बिचारीला पोहता येत नाही." भानुदास काही बोलायचा नाही. त्याचा सुकाणूवरचा हात मात्र घट्ट व्हायचा. ते फक्त मला कळायचं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी लख्ख ऊन पडलं. महिनोन् महिने पाऊस पाहिलेल्या माणसांना अशा उन्हाची भूल पडते. हवा उबदार होती, पण डोंगरांवर बर्फ होता आणि तलावाचं पाणी हिवाळ्याइतकंच गार होतं. उकडतंय म्हणून कुमारनं आपलं लाइफ जॅकेट काढून बाकावर ठेवलं.

"घाल ते," भानुदास म्हणाला.

"दोन मिनिटं यार. रत्नाचा एक फोटो काढतो."

तो माझ्या काठाशी उभा राहिला. तेवढ्यात टेकडीवरून वाऱ्याचा झोत आला. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं, त्याच्या खालची आडवी काठी फिरली आणि कुमारच्या खांद्यावर बसली. तो पाण्यात पडला.

क्षणभर कुणालाच विशेष काही वाटलं नाही. कुमारच तो, येईल पोहून. पण तो वर आला तेव्हा त्याचं तोंड नुसतं उघडमिट करत होतं. गार पाण्यानं त्याचा श्वास हिसकावून घेतला होता. हात हलत नव्हते. ज्या माणसाला पाण्याची कधी भीती नव्हती त्याचे डोळे मी त्या दिवशी पाहिले, मित्रांनो. ते मी विसरू शकत नाही.

"रत्ना, उशी टाक त्याच्याकडे," भानुदास म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "संघमित्रा, त्याच्यावरची नजर हलवू नकोस. हात त्याच्याच दिशेला ठेव."

आणि त्यानं मला कुमारपासून दूर नेलं.

"कुठे चाललास?" रत्नाचा आवाज फाटला. "तो तिकडे आहे."

"वळायला जागा लागते."

मी मंद आहे. त्या दिवशी मला माझ्या मंदपणाची लाज वाटली. पण भानुदासनं मला घाई करू दिली नाही. त्यानं मला वळवलं, वाऱ्याच्या तोंडावर आणलं, शिडाचा दोर सोडून दिला आणि मी कुमारच्या शेजारी येऊन थांबले, जशी उशीच्या शेजारी थांबायचे. त्याचा एक हात उशीवर होता, हनुवटी पाण्याला टेकलेली. तिघांनी एकाच बाजूला वाकून त्याला ओढलं. मी कलले, पाणी काठापर्यंत आलं, पण मी उलटले नाही. तो माझ्या तळाशी येऊन पडला आणि थरथरू लागला. संघमित्रानं आपला कोट त्याच्यावर घातला. तलावाच्या काठावर पोचेपर्यंत रत्ना त्याचे हात चोळत होती. तिथे अँब्युलन्स आली. कुमार वाचला.

तुम्हाला वाटेल, यानंतर मैत्री आणखी घट्ट झाली असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यानंतर कुमार माझ्याकडे आला नाही. भानुदासनं मला घराशेजारी उभं केलं आणि निळी ताडपत्री टाकली. अख्खा उन्हाळा मी तशीच होते. मग पाऊस सुरू झाला. पाइनच्या सुया साचल्या, ताडपत्री फाटली, बाकांवर हिरवं शेवाळ आलं. पावसाचं पाणी बाहेर काढायलाही कुणी येत नव्हतं. काम करून अंग झिजतं, ते मला ठाऊक होतं. नुसतं पडून राहिल्यानं ते कुजतं, हे त्या हिवाळ्यात कळलं.

एक दिवस रत्ना संघमित्राला भेटायला आली. दोघी दारात बोलत उभ्या होत्या, माझ्यापासून दोन हातांवर. भानुदास गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत होता.

"त्यानं पोहायला जाणं सोडलं," रत्ना सांगत होती. "शॉवरचं पाणी पूर्ण गरम होईपर्यंत आत जात नाही. मला म्हणतो, भानुदासला तोंड दाखवायची लाज वाटते."

"आणि आमच्याकडे हा म्हणतो, कुमारला मी नको झालोय," संघमित्रा म्हणाली. "म्हणतो, मला बघितलं की कुमारला तो दिवस आठवत असणार."

गॅरेजमधला आवाज थांबला होता. भानुदासनं सगळं ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात तो कुमारला घेऊन आला. त्यानं ताडपत्री बाजूला केली. मी ट्रेलरवरच होते, आणि दोघं माझ्या शेवाळलेल्या बाकांवर समोरासमोर बसले. कुमार नखानं बाकावरचं शेवाळ खरवडत राहिला.

"मी तुझ्या उशीची चेष्टा करायचो," शेवटी कुमार म्हणाला.

"करायचास. मला रागही यायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"लहानपणापासून सवय आहे, न बोलण्याची." भानुदासनं त्याच्याकडे पाहिलं. "आता एक मागतो. मला पोहायला शिकव."

कुमारनं मान खाली घातली. "मी? अरे, मला आता पाण्याचा आवाज आला तरी धडधडतं."

"मग बरंच झालं," भानुदास म्हणाला. "न भिणाऱ्या माणसाकडून शिकायला मला जमलं नसतं."

कुमारला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

उरलेला हिवाळा दोघं गावातल्या बंदिस्त स्विमिंग पूलमध्ये जात राहिले. ते मी पाहिलेलं नाही, पण मला घासता-घासता ते एकमेकांना जे सांगायचे ते ऐकलं. पहिले काही दिवस दोघंही कमरेएवढ्या पाण्यात नुसते उभेच राहायचे म्हणे. शेजारी छोटी मुलं सपासप पोहून जायची. हे सांगताना दोघं हसायचे. मार्चमध्ये शेवाळ गेलं. संघमित्रानं बाकाची कुजलेली फळी बदलली. रत्नानं नवे दोर आणले आणि मला निळा रंग दिला.

ऑगस्टमध्ये चौघांनी मला पुन्हा सॅमामिशवर नेलं. तलावाच्या काठाजवळ, वारा नसलेल्या एका कोपऱ्यात नांगर टाकला. पाणी कोमट होतं. कुमार माझ्या काठावर पाय सोडून बसला, आणि इतका वेळ बसून राहिला की रत्नाच्या हातातला चहा गार झाला. कुणी त्याला घाई केली नाही. मग तो पाण्यात उतरला. त्याच्या पाठोपाठ भानुदास उतरला, आणि लगेच त्यानं माझा काठ दोन्ही हातांनी पकडला. त्याची बोटं पांढरी पडली होती.

"मी इथेच आहे," कुमार म्हणाला. "वाटेल तेव्हा सोड."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. साचलेलं पाणी काढा, वर्षातून एकदा घासा, आणि मुख्य म्हणजे आम्हाला बाहेर न्या. माणसांचंही मला तसंच दिसतं. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, त्याच्यावर ताडपत्री टाकून हिवाळा काढू नका. आत काय कुजतंय ते बाहेरून दिसत नाही.

भानुदासनं आधी एक हात सोडला. मग दुसरा. आतापर्यंत कितीतरी हातांनी मला धरलं होतं, पण कुणी सोडल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता. तो कुमारच्या दिशेनं निघाला. हात वेडेवाकडे पडत होते, पाणी फार उडत होतं, आणि माझ्या बाकावर बसलेल्या त्या दोघी श्वास रोखून बघत होत्या.