दुसरी बाटली

डोळे तपासायचं मोठं यंत्र दोघींनी मिळून आडवं केलं, तेव्हा त्याच्या पोटातून बादलीभर गढूळ पाणी आणि एक बारका खेकडा बाहेर पडला. खेकडा क्षणभर बिचकला आणि मग दाराच्या दिशेने तिरका तिरका चालू लागला.

"हा तेवढा तपासून झाला," नणंद म्हणाली. "नंबर काही बदललेला दिसत नाही."

डॉक्टरीण हसली नाही. तिने यंत्राचं मागचं झाकण उघडलं, आतला गंज बघितला आणि झाकण परत लावलं. वादळाचं पाणी ओसरून बरेच दिवस झाले होते, पण दवाखान्याच्या भिंतींवर खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ तशीच होती. समोरच्या तक्त्यावर वरची मोठी अक्षरं तेवढी उरली होती. खालच्या बारीक ओळी पाण्याने पुसून नेल्या होत्या.

"आता सगळेच पास," नणंदेने तक्त्याकडे पाहून शेरा मारला आणि खराटा उचलला.

नणंद वयाने मोठी. भाऊ असताना ती दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसून चष्मे विकायची. भाऊ गेल्यावरही तिथेच बसत राहिली. वहिनीला ती नावाने कधी हाक मारत नसे. कौतुक असो की भांडण, 'डॉक्टरीण'च. दोघी दवाखान्याच्याच माडीवर राहत. वादळाच्या रात्री माडीचं अर्धं छप्पर उडालं, तेव्हा दोघींनी जिन्यात बसून एकमेकींना धरून ठेवलं होतं. त्याबद्दल नंतर दोघींपैकी कुणीच काही बोललं नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेची व्हॅन आली होती आणि तिच्यातून, गुडघे आधी आणि डोकं शेवटी अशा क्रमाने, लंबू उतरला. तो डॉक्टरणीचा कॉलेजातला मित्र, आता मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होता. त्याने एक ट्रंक उतरवली. तिच्यात हातात धरून डोळ्याचा दाब मोजायचं छोटं यंत्र होतं, पट्ट्या, मलमं, गोळ्या, जुने-नवे चष्मे आणि शीतपेटीत ठेवलेल्या काचबिंदूच्या थेंबांच्या बाटल्या.

ट्रंक आत नेता नेता त्याने आवाज खाली आणला.

"खोली तयार आहे. रुग्णालयाच्या आवारातच. एकीपुरतीच आहे सध्या. संध्याकाळी निघू या?"

"हं."

"ताईंना सांगितलंस?"

"सांगते."

फोनवर तिने 'येते' म्हटलं होतं, तेव्हा तिच्या पायात चिखलाचे बूट होते आणि पाठ धरली होती. किती दिवसांसाठी, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. आत नणंद खराट्याने पाणी ढकलत होती. त्या खर्र-खर्र आवाजात आपलं बोलणं ऐकू गेलं नसेल, असं डॉक्टरणीने धरून चाललं.

"निघण्याआधी माझे काचबिंदूवाले शोधायचे," ती म्हणाली. "एकूणएक."

लंबूने वाद घातला नाही. काचबिंदू काय चीज आहे ते त्याला सांगायची गरज नव्हती. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. रोजचे थेंब चुकले की आत दाब वाढत जातो आणि नजर कडेकडेने खायला लागतो. खाल्लेली नजर कुठल्याच उपायाने परत येत नाही. लोक घरं, गुरं, माणसं शोधत होते. थेंब चुकल्याचं कोण लक्षात ठेवणार?

दवाखान्याचा कॉम्प्युटर रुग्णांच्या यादीसकट पाण्यात गेला होता. म्हणून नणंदेने अग्निशमन दलाकडून एक कर्णा मागून आणला आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. बेघर झालेल्यांची पहिली छावणी खेळाच्या हॉलमध्ये होती. तिथे गाद्यांच्या रांगा होत्या आणि पंखे बंद होते. नणंद दारात उभी राहिली.

"काचबिंदूचे थेंब टाकणाऱ्यांनी हात वर करा! मोतीबिंदूवाल्यांनी हात खाली ठेवा, तुमची घाई नाही. चष्मा हरवलेल्यांनी रांग लावा, पण रांग कुठे आहे ते दुसऱ्याला विचारून या!"

लोक हसले. कदाचित कितीतरी दिवसांनी हसले असतील. हात वर झाले. डॉक्टरीण एकेका गादीजवळ गुडघ्यांवर बसून दाब मोजत गेली, बाटल्या देत गेली. मलबा उपसताना डोळ्यात गेलेले कण तिने काढले. एकाने तीच लेन्स वादळापासून डोळ्यात ठेवली होती. ती काढताना तिने त्याला अशा काही शब्दांत झापलं, की लंबूने कॉलेजातल्या आठवणीने मान खाली घातली. मग वाचनालय, मग जकातनाक्यामागची गोदामं. दुपार कलायला लागली तरी एक माणूस सापडत नव्हता.

"पंच कुठे आहेत?" ती प्रत्येक ठिकाणी विचारत होती.

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. चाळीस वर्षं त्यांनी मैदानावर शिट्टी वाजवली आणि चाळीस वर्षं लोकांनी त्यांना 'आंधळा आहेस का रे?' असं विचारलं. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचा डावा डोळा खरोखरच नेला, तेव्हा ते म्हणाले होते, "प्रेक्षकांचं अर्धं बरोबर निघालं." उजवा डोळा डॉक्टरणीने रोजच्या थेंबांवर जपून ठेवला होता. एका डोळ्याचा माणूस. तो डोळा गेला की खेळच संपला.

पंच सापडले टेकडीवरच्या शाळेत. अंगणात पाण्याच्या टँकरपुढे उभे राहून ते रांग लावत होते, आणि मध्ये घुसणाऱ्या एका दांडगट बाईला हात लांब करून मैदानाबाहेरची वाट दाखवत होते.

"पंच, थेंब?" डॉक्टरणीने दुरूनच विचारलं.

"टाकतो की. रोज."

"बसा. दाब बघते."

"आधी त्या बाईंचा बघा," त्यांनी व्हरांड्यात बसलेल्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं. "त्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूचे आहेत. नर्सरीवाल्या बाई. घरातून नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या."

नर्सरीवाल्या बाईंची रोपवाटिका नदीकाठी होती, म्हणजे आता कुठेच नव्हती. त्या दुसऱ्या कुणा डॉक्टरकडच्या रुग्ण. त्यांनी निमूटपणे मान मागे केली. दोन्ही डोळ्यांचा दाब चांगला निघाला. डॉक्टरणीने पुन्हा मोजला. चांगलाच होता.

"थेंब कुठून मिळाले तुम्हाला?"

"पंचांनी दिले. त्यांच्याकडे दुसरी बाटली होती ना." बाईंनी पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल सावरला. "देवमाणूस हो. आमचे हे प्रत्येक सामन्याला जायचे, फक्त यांना शिव्या घालायला. आणि यांनी मला बाटली दिली."

डॉक्टरणीने हातातलं यंत्र खाली केलं. वादळाच्या आधी बाटल्यांचा तुटवडा होता. तिने स्वतः पंचांना सांगितलं होतं की एकच देते, संपत आली की या.

ती उठून टँकरपाशी गेली. या वेळी विचारलं नाही. त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं, पापणी वर केली, मोजलं. मग यंत्र लंबूकडे दिलं. त्याने मोजलं आणि आकडा मोठ्याने न वाचता तिला दाखवला. जितका असावा त्याच्या दुपटीहून जास्त होता.

"दुसरी बाटली कुठे आहे, पंच?"

पंचांनी टँकरच्या रांगेकडे बघितलं. रांग सरळ होती.

"डॉक्टर, त्यांचे दोन, माझा एक," ते अखेर म्हणाले. "गोल मोजायला मला कुणी शिकवू नये."

"मूर्खपणा केलात!" तिचा आवाज चढला. व्हरांड्यातली डोकी वळली. "माझ्याकडे निरोप धाडता आला नाही?"

"तुमचं छप्पर उडालं म्हणून ऐकलं होतं."

तिने गोळी दिली, थेंब घातले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तासाभराने पुन्हा मोजलं. दाब उतरला, पण पुरेसा नाही. आता नुसत्या थेंबांनी भागणार नव्हतं.

"ऑपरेशन करावं लागेल," लंबूने सांगितलं. "आमच्या शहरात, उद्या सकाळी. गाडी आहेच. आज निघायचं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर वरचेवर दाखवावं लागतं. पहिले काही महिने तर फार जपावं लागतं. टाका सैल करायचा, दाब बघायचा. आम्ही आहोत ना तिथे."

"मी तिथे महिनोन्‌महिने राहू? माझं घर इथे आहे. छप्पर नाही, एवढंच." पंचांनी चांगला डोळा लंबूवर रोखला. "तुम्ही भले असाल साहेब, पण या डोळ्याला आजवर एकाच माणसाचा हात लागलाय. ऑपरेशन तुम्ही करा. पुढचं या बघणार असतील तर येतो. नसतील तर राहू द्या, जेवढं दिसतंय तेवढं दिसतंय."

लंबू आपल्या बुटांकडे बघू लागला. नणंद दोन पावलांवर कर्णा गळ्यात अडकवून उभी होती. ती एका जुन्या चष्म्याची काच पुसत होती आणि तीच काच बराच वेळ पुसत होती.

"डॉक्टर, तुम्ही इथेच असणार ना?" पंचांनी विचारलं.

डॉक्टरणीने त्यांच्या गालावर ओघळलेला थेंब कापसाने टिपला.

"असणार," ती म्हणाली.

लंबूने तिला व्हॅनमागे गाठलं.

"तू भानावर आहेस का? बघणार कशाने? तुझ्या यंत्रात खेकडे निघतायत!"

"म्हणून तर सांगते, नीट ऐक." ती ट्रंकेवर बसली होती. दिवसभरात पहिल्यांदाच तिची पाठ ताठ होती. "मला न्यायला तुम्ही मागची सीट रिकामी ठेवलीत. मला न्यायचं नाहीये. पंचांना ने, आणि नर्सरीवाल्या बाईंना पण ने, त्यांची तपासणी नीट होऊ दे, शिवाय पंचांना धाकात ठेवायला कुणीतरी हवं. येताना गाडी रिकामी आणायची नाही. डोळे तपासायचं मोठं यंत्र आण, जुनं चालेल. जनरेटर आण. थेंब आण आणि ते थंड ठेवायला फ्रीज. तुझ्या संघटनेत जे जे मला सहानुभूती पाठवत होते, त्यांच्यापैकी दर आठवड्याला एक जण इथे पाठव. सहानुभूती घेऊन नको, हात घेऊन."

"आणि तू राहणार कुठे? छप्पर—"

"ताडपत्री आण. मोठी."

लंबूने डोकं खाजवलं, तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "जनरेटर केवढा?" त्याने विचारलं.

उन्हं उतरताना व्हॅन टेकडीवरून निघाली. मागच्या सीटवरून पंच खिडकीबाहेर तोंड काढून टँकरची रांग कुणी मोडू नये म्हणून शेवटच्या सूचना देत होते. नर्सरीवाल्या बाईंनी त्यांना सदऱ्याला धरून आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लंबूचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. कडेची नजर गेली ती गेली, मधली वाचली. पंच शुद्धीवर आल्यापासून नर्सरीवाल्या बाईंशी वीस वर्षांपूर्वीच्या एका गोलवरून भांडत होते. दोघांना वेगळ्या खोल्या द्याव्यात का, असं परिचारिका विचारत होत्या.

"नको," डॉक्टरीण म्हणाली. फोन ठेवून तिने तोंडावरून हात फिरवला, आणि चिखलाचा हात होता हे तिच्या नंतर लक्षात आलं.

नणंद जिन्यावरून खाली येत होती. तिच्या हातात डॉक्टरणीची प्रवासाची बॅग होती. ती तिने टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुझी बॅग. भरून ठेवली होती. आता त्यातला टॉवेल काढ, पुसायला फडकी उरली नाहीत."

डॉक्टरीण बॅगेकडे बघत राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लंबूला हळू बोलता येतं असं तुला वाटतं? तुझा नवरा होता तेव्हापासून बोंबलतो तो."

"मी तुम्हाला सांगणार होते, ताई."

"माहितीये."

तिने चेन उघडली. कपड्यांच्या घड्या नीट होत्या, नणंदेच्या हातच्या. औषधं एका डब्यात होती, चष्मा दुसऱ्यात. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, माडीवर वाचलेली एकुलती एक कोरडी रजई. गेले कित्येक दिवस दोघी तीच आलटून पालटून पांघरत होत्या.

"ही पण माझ्या बॅगेत? मग तुम्ही काय पांघरणार होतात?"

"उकडतं मला," नणंद म्हणाली आणि पाण्याची बादली उचलून बाहेर गेली.

डॉक्टरीण रजईवर हात ठेवून उभी होती. बाहेर कुणीतरी चिखलातून चपला ओढत येत होतं. एका बाईचा आवाज आला, डॉक्टर आहेत का, पोराच्या डोळ्यात काहीतरी गेलंय.

"आहेत की," नणंदेचा आवाज आला. "पण उभं राहावं लागेल हं. खुर्ची अजून वाळायचीय."