उभ्या पडद्यावरचं पान

जिन्यापर्यंत माणसं उभी होती. आत कामाच्या टेबलापाशी लहरीबाबा डोळे मिटून बसला होता. समोर उघडा लॅपटॉप, त्यावर पाठ्यपुस्तकाचं एक अर्धवट लावलेलं पान, आणि शेजारी उभा फिरवलेला मोठा मॉनिटर, काळाठिक्कर.

"आत्मा म्हणजे लहर," बाबा शब्द घोळवत म्हणाला. "वायफाय म्हणजे लहर. लहरीत लहर मिसळली, की झालं बोलणं! बाळा, आईचं ऐकतोयस ना? ऐकत असशील तर मोठ्या पडद्यावर ये."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मॉनिटर उजळला आणि लॅपटॉपवरचं पान, कोणी हात न लावता, तिकडे जाऊन बसलं.

"आला गं माझा राजा!" म्हातारीला हुंदका आवरेना. मागच्या माणसांनी बघता बघता हात जोडले.

सून तेवढी भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. ते पान तिकडे का जातं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिचा नवरा पुस्तकांची पानं लावण्याचं, म्हणजे मजकूर-चित्रांची मांडणी करण्याचं, काम घरूनच करायचा. लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती, तिला हवे ते नियम लावून देता येतात. पानाची खिडकी मोठ्या पडद्यावर, ईमेलची लॅपटॉपवर, अशा खिडक्या रोज माउसने ओढत बसायचा त्याला भारी कंटाळा. "मी काय हमाल आहे?" म्हणत त्याने एक नियम बसवून टाकला. उभा मॉनिटर सुरू झाला की पानाची खिडकी आपोआप तिकडे, बंद झाला की परत लॅपटॉपवर. मग एका सकाळी तो अचानक गेला. नियम तसाच राहिला.

त्याचं राहिलेलं काम पुरं करायला तिने मॉनिटरचं बटण दाबलं, तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना बटण दिसलं नाही, पान दिसलं. "तो आलाय," त्या म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या. सुनेच्या ओठांवर खरं काय ते आलं होतं. ते तिने घासाबरोबर गिळलं. उद्या सांगू, असं स्वतःला म्हणाली. उद्याचा परवा झाला, आणि तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून बातमी लहरीबाबापर्यंत पोचली. टेबलाखाली मॉनिटरचा सुटा, वायरचा स्विचबोर्ड आहे, हे त्या चतुर माणसाला पहिल्याच भेटीत कळलं. त्याच्या पायाचा अंगठा तिकडे सरकताना सुनेने पाहिलाही होता. तरी ती बोलली नाही. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

"बाळ काय म्हणतोय माहितीये?" बाबाने आवाज खाली आणला. "म्हणतोय, मागेच सांगितलं होतं, आई अजून त्या कडू गोळ्या घेते का? गोळ्यांनी लहर तुटते, आई!"

सून चपापली. आत जाऊन तिने कपाट उघडलं. हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं. सासूबाईंचे सुजलेले पाय, दोन खोल्या चालल्या की लागणारी धाप, हे सगळं ती इतके दिवस दुःखाच्या खात्यावर टाकत होती.

ती थेट बाहेर आली. "बाबा, पाय वर घ्या."

"काय?"

"आधी त्याला परत पाठवा, मग खुर्चीवर मांडी घालून बसा. आणि आता बोलवा त्याला."

बाबाने पायानेच गुपचूप पडदा काळा केला, मांडी घातली, हाका मारल्या, घाम पुसला. पडदा काळाच. "अविश्वासाने लहर तुटते, मुली."

"लहर नाही तुटली. तुमचा अंगठा पोचत नाहीये."

तिने स्विचबोर्ड ओढून टेबलावर ठेवला. "काकू, तुम्ही दाबा," ती शेजारणीला म्हणाली. काकूंनी भीत भीत बटण दाबलं. पान तिकडे गेलं. परत दाबलं, पान परत आलं.

"अगंबाई, मी पण लहरीबाबा झाले की!"

हशा उसळला. त्या गडबडीत बाबा जिन्यावरून उतरूनही गेला. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही जेवलात, म्हणून मी..."

"तो परका माणूस. त्याने फसवलं तर नवल नाही. तू तर घरातली."

"चुकले, आई," सून म्हणाली. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. अंगात पाणी साठलंय, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकताना सुनेला डॉक्टरांकडे बघवेना.

सासूबाई पुन्हा गोळ्या घ्यायला लागल्या, पण काकूंच्या हातून. सुनेशी अबोला. ती बिचारी निमूट कामं उरकायची. एका दुपारी त्या आपणहून टेबलापाशी आल्या. "तो नियम कुठेय, दाखव."

सुनेने सेटिंग उघडून दाखवली. चष्मा लावून त्यांनी एकेक शब्द वाचला. "हे त्याने स्वतः लिहिलं?"

"स्वतः. खिडक्या ओढायचा कंटाळा म्हणून."

"पहिल्यापासून आळशी मेला!" त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "राहू दे तसाच. पण आता कोणी विचारलं, तर काय आहे ते नीट सांगायचं."

चमत्कार दिसला की त्याची वायर कुठे जाते ते बघावं, हे तर खरंच. पण ज्याला वायर माहीत आहे, त्याने गप्प बसू नये. दुःखी माणसाला वाटतंय ते वाटू द्यावं, यात आपल्याला दया दिसते. त्या गप्प बसण्याचा फायदा तिसराच कोणी उठवतो. म्हणून जे माहीत असेल ते त्याच दिवशी सांगा. समोरचा रडेल. रडू दे. जवळ बसा, पण सांगा.