मधल्या परातीतल्या लाट्या

हडपसरात मथुराबाईंच्या पापडांना नाव होतं, आणि जिभेला त्याहून जास्त. वैशाख लागला की गच्चीवर जुनी लुगडी बांधून सावली करायची, पोळपाट मांडायचे आणि उडदाच्या लाट्या मोजून प्रत्येकीपुढे ठेवायच्या. चाळीस म्हणजे चाळीस. सासूपुढे चाळीस, सुनेपुढे चाळीस. आणि शेवटचा पापड लाटून होईपर्यंत कोणी उठायचं नाही, चहालासुद्धा नाही. "सारखा वाटा आन् एकत्र उठणं. म्हनून या घरात चूल एक हाय," हे त्या आल्यागेल्याला ऐकवत.

यंदा नात कादंबरीही पोळपाटाशी बसली होती, शिकाऊ म्हणून, मोजलेल्या वाट्याशिवाय. म्हणजे देहाने. जीव सगळा शेजारच्या मोबाइलात. पोरगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, पण पापड धड गोल नाही की धड चौकोनी नाही.

"त्या डबडीत काय शिजतंय एवढं?" मथुराबाईंनी विचारलं.

"शिजत नाहीये, तेच तर दुखणं आहे." कादंबरीने लाटणं खाली ठेवलं. "संस्थेचा मोठा कॉम्प्युटर मला रविवार संध्याकाळपर्यंतच दिलाय. एका रेणूचा हिशेब करायचाय, त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे ढकलतात त्याचा. या चालीनं पुढचा बुधवार उजाडेल. आणि परत नंबर लागायचा तो दिवाळीनंतर."

"मग हात वाढव की कामाला."

"वाढवले ना! आधी त्यातले आठ प्रोसेसर कामाला होते, आता चौसष्ट. आठ जणांना एका फेरीला चाळीस मिनिटं लागायची. चौसष्टांना पाच लागायला हवीत, तर लागतात तीस."

"चौसष्ट जणं आन् तीस मिनिटं! पगारी दिसत्यात," मथुराबाई म्हणाल्या. थोरली सून सत्यशीला पदरात हसली.

"आळशी नाहीत गं. सगळ्यांना सारख्या संख्येनं हिशेबाचे तुकडे वाटलेत, अगदी तुझ्यासारखे. सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही. आता कुठं अडतंय तेच शोधतेय."

"सारखे दिलेस ते बरं केलंस," मथुराबाई म्हणाल्या आणि शाबासकी द्यायला मान वर केली.

मान वर केली आणि दिसलं. सत्यशीलापुढे एकही लाटी नव्हती. हात मांडीवर, नजर पार्किंगकडे. धाकटी ललिता रिकाम्या पोळपाटावर बोटाने रेघा ओढत होती. शेजारच्या यमुनाबाई तर केव्हाच्या गप्पांना लागलेल्या. आणि मथुराबाईंच्या स्वतःच्या पुढ्यात? त्यांनी मनातल्या मनात मोजल्या. अकरा.

उजव्या अंगठ्याचं मूळ गेल्या वर्षापासून ठणकत होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्यांना वाटत होतं की कोणाला कळलंही नाही.

"कवाधरनं बसलाय?"

सत्यशीलानं ललिताकडे पाहिलं.

"तोंडं शिवलीत का? ललिता?"

"झाला अर्धा तास, आत्याबाई," ललिता खालमानेनं म्हणाली. "गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, चार लाट्या इकडं द्या. तुम्ही म्हणालात, माझे हात गळालेत का."

म्हणाल्या होत्या खऱ्या. तेही यमुनाबाईंच्या देखत.

मथुराबाईंनी उरलेल्या अकरा लाट्यांकडे पाहिलं. अख्खी गच्ची त्या अकरांपाशी खोळंबली होती. मग लाटणं बाजूला ठेवलं.

"सत्यशीला, मोठी परात आन."

परात आली. मथुराबाईंनी आपल्या अकरा लाट्या तिच्यात टाकल्या, वर झाकून ठेवलेल्या दुसऱ्या घाण्याच्या सगळ्या ओतल्या आणि परात मधोमध सरकवली. "आता मोजदाद न्हाई. जिचा हात मोकळा झाला तिनं उचलायची. आन् ऐका, वाळून कडक झालेल्या आधी उचला, मऊ मागनं. शेवटाला कडक उरली तर एकीपायी समद्या ताटकळतील. लईच जाड असंल तर तोडून दोन करा."

कादंबरीचा हात हवेतच थांबला. "आजी, तांबं!"

"काय झालं तांब्याला?"

"माझ्या रेणूच्या मध्ये तांब्याचा अणू आहे. त्याच्याजवळचे तुकडे दगडासारखे जड, कडेचे फुंकरीनं उडतील असे. मी फक्त संख्या सारखी ठेवली. जड ते सगळे दोघातिघांच्याच वाट्याला गेले असणार, बाकीचे बसून राहिले. मधली परात पुस्तकात शिकले होते गं मी. पण वाटे करायला बसले आणि हातून सारखेच पडले."

"रक्तच तसलं," मथुराबाई पुटपुटल्या. "जा. ते पीठ धुऊन जा."

ती पीठ न धुताच जिना उतरली.

शनिवारी पापड डब्यात भरताना ती नाचत वर आली. हिशेब संपला होता, एक दिवस राखून. "सात मिनिटं, आजी! तिसाची सात झाली!"

"पाच म्हनली व्हतीस."

"दोन मिनिटं त्यांच्या आपापसातल्या निरोपांत जातात. कोणी काय उचललं, पुढचं कोणी घ्यायचं."

मथुराबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि शेजारच्या गच्चीकडे हनुवटीनं खूण केली. "म्हंजी एक यमुनाबाई तिथंबी हाय."

सोमवारी तांदळाचे पापड लाटायला घेतले. परात मधोमध होती. मथुराबाईंनी सावकाश चौदा लाटले. कोणी मोजले नाहीत, त्यांनी मात्र मोजले. मग अंगठा चोळत, सगळ्यांच्या आधी उठून, त्या खाली चहा टाकायला गेल्या.